धंदेवाईक फुटबॉल आणि आपली गावे



साताऱ्याच्या माणसाने सांगलीत येऊन नफ्यातोट्याविषयी बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. सातारा हे पेन्शनरांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि सांगली ही हळदीची पेठ. पेठेत उभे राहून पेन्शनराने व्यापाऱ्यांना तागडी कशी धरावी हे सांगू लागावे, तसा हा प्रकार. पण आम्हांला धीर एका गोष्टीचा आहे. संस्थाने विलीन झाली तेव्हा जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली-मिरजेकडचा संस्थानी मुलूख मिळून १९४९ साली जो जिल्हा झाला, त्याचे नाव दक्षिण सातारा असे होते. १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. दहा-अकरा वर्षे का होईना, आपण आमचे नाव लावीत होता. तेव्हा भाऊबंदांत हिशेबाच्या चार गोष्टी बोलायला हरकत नसावी.

विषय आम्ही निवडलेला नाही. तो आमच्या दारी चालून आला. काही महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी सात-आठ तरुण आमच्या ओसरीवर येऊन बसले. त्यांतले काही साताऱ्याचे, काही इकडचे, सांगली-मिरजेचे. त्यांच्याजवळ एक टंकलिखित योजना होती. सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांचा मिळून एक धंदेवाईक फुटबॉल संघ काढायचा, त्यासाठी भाग विकायचे, गावातले एक मैदान नगरपालिकेकडून मागून घेऊन त्याला भिंत घालायची, आणि पाच वर्षांत देशातल्या पहिल्या प्रतीच्या लीगमध्ये उतरायचे. आम्ही आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले, म्हणून ते आले होते. ‘काका, एवढे आकडे तपासा आणि पहिला भाग तुम्ही घ्या,’ असे त्यांचे म्हणणे. भाग घेतला की नाही, ते शेवटी सांगू. आधी आकडे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की खेळाचा धंदा हा इतर धंद्यांसारखा नाही. समोरचे दुकान बंद पडले, तर किराणा दुकानदाराला मनातून वाईट वाटत नाही. पण समोरचा संघ बंद पडला, तर आपल्या संघाने खेळायचे कोणाशी? वॉल्टर नील नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ सालीच ही गंमत दाखवून दिली आहे. ह्या धंद्यात प्रतिस्पर्धी हा वैरीही असतो आणि भागीदारही असतो. मालाचे उत्पादन दोघांनी मिळून करायचे असते. ह्याचा अर्थ असा, की एखाद्या गावाचा संघ तरेल की बुडेल, हे त्या गावाच्या कर्तबगारीवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते संपूर्ण लीग कशी चालते ह्यावर अवलंबून आहे. ही गोष्ट आम्ही पुन्हा एकदा सांगणार आहोत, कारण सारा निकाल हिच्यातच आहे.

सांगलीकरांना हे समजावयाला परदेशी जाण्याचेही कारण नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ह्याच गावात ‘सीता स्वयंवरा’चा खेळ केला. पाठीशी चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. तोवर तिकिटाचा प्रश्न नव्हता आणि तोट्याचाही नव्हता. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि आश्रय सुटला. मग भाव्यांनी काय केले? सांगलीतच बसून सांगलीकरांकडे तिकिटाचे पैसे मागितले काय? नाही. त्यांनी मंडळी गाडीत घातली आणि दौऱ्यावर निघाले. १८५३ च्या सुमारास मुंबईत तिकीट लावून खेळ केले. नाटक जन्मले सांगलीत, पण ते पोसले गेले मुंबईत आणि पुण्यात. रसिकता कमी होती म्हणून असे झाले नाही. एक गाव तेच तेच खेळ वर्षभर पैसे देऊन पाहू शकत नाही, इतकेच ह्याचे कारण. नाटक कंपनीला निदान बिऱ्हाड उचलता येत होते. फुटबॉल संघाने निम्मे सामने आपल्या मैदानावरच खेळायचे असतात. त्याचे बिऱ्हाड जागेला खिळलेले असते.

आता उत्पन्नाच्या वाटा पाहू. त्या तीनच आहेत: दरवाजावरचे तिकीट, आश्रयदाता, आणि दूरचित्रवाणी.

तिकिटाचा हिशेब आम्ही त्या तरुणांसमोरच मांडला. आपण मोठ्या मनाने धरून चालू, की दर सामन्याला दहा हजार माणसे येतील, प्रत्येकजण दीडशे रुपये देईल, आणि हंगामात घरचे बारा सामने होतील. गुणाकार केला की एक कोटी ऐंशी लाख रुपये होतात. रक्कम ऐकून मुलांचे डोळे चमकले. मग आम्ही खर्चाचे पान उलटले. पहिल्या प्रतीच्या लीगमध्ये नुसत्या खेळाडूंच्या पगारावर जी कमाल मर्यादा घातलेली होती, तीच सोळा कोटींच्या वर होती. म्हणजे मैदान दर वेळी भरले, पाऊस आला नाही, परीक्षा आल्या नाहीत, तरी तिकिटातून पगाराचा जेमतेम नववा हिस्सा सुटतो. प्रवास, प्रशिक्षक, वैद्य, दिवे, हिरवळ हे सारे अजून बाकीच. बरे, दहा हजार माणसे म्हणजे किती? २०११ च्या शिरगणतीत सातारा शहराची वस्ती एक लाख वीस हजारांच्या आसपास होती. शहरातल्या दर बारा माणसांमागे एकाने दर सामन्याला आले पाहिजे. सांगली-मिरज-कुपवाडची वस्ती पाच लाख आहे, तिथे प्रमाण सोपे होते; पण सोपे झाले तरी उत्पन्न तेवढेच राहते.

आश्रयदात्याची गोष्ट पुण्याने आपल्याला शिकवली आहे. पुणे म्हणजे काही लहान गाव नव्हे. तेथे पैसा आहे, कारखाने आहेत, कॉलेजे आहेत, बालेवाडीसारखे क्रीडासंकुल आहे. २००७ साली तिथे पुणे फुटबॉल क्लब निघाला. एका मोठ्या उद्योगसमूहाचे पाठबळ होते, आणि मुले घडवण्याची त्याची शाळा नावाजली गेली होती. २०१५ मध्ये मालकांनी हात काढून घेतला. भारत एफसी हा दुसरा संघ २०१४ साली निघाला आणि एक हंगाम खेळून थांबला. शिवाजियन्स हा १९८७ पासूनचा स्थानिक क्लब. त्याला नवा मालक मिळाला, तो राष्ट्रीय लीगमध्ये थेट घेतला गेला, आणि २०१७ मध्ये तोही दिसेनासा झाला. चौथा एफसी पुणे सिटी. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हाच्या आठ संघांपैकी हा एक. मालकांत चित्रपटातला नटही होता. २०१९ साली हा संघ गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२२ साली ती स्पर्धा जिंकलीसुद्धा. पण २०२५ साली ती जागा हैदराबादहूनही उठली आणि दिल्लीस गेली. बारा वर्षांत चार संघ पुण्यातून उठले. मुंबईतही महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला संघ २०१० साली बंद झाला आणि मुंबई एफसी २०१७ साली. कोणाची बदनामी करावी म्हणून आम्ही ही यादी वाचली नाही. ज्यांनी पैसा घातला त्यांनी आपलाच घातला. पण आश्रयदात्याचे मन हे आश्रयदात्याचे असते. ते गावाचे नसते. सांगलीला हे १८५१ साली कळले. पुण्याला २०१९ साली कळले.

राहिली दूरचित्रवाणी. खेळाच्या धंद्यातला खरा पैसा आज तिथे आहे. कबड्डीचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी निघाली तेव्हा संघ गावांच्या नावाने होते, पण सारा तांडा एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत असे. तिकीट हे निमित्त होते; प्रेक्षक घरी बसलेला होता. फुटबॉलच्या बाबतीत मात्र हा झरा अजून बारीकच आहे. २०१० साली भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, एकूण सातशे कोटी रुपयांना दिले. त्या कराराची मुदत २०२५ च्या अखेरीस संपत आली, नवा करार वेळेवर झाला नाही, आणि त्या वर्षीचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. मोठमोठ्या शहरांतल्या क्लबांवर कामकाज थांबवण्याची पाळी आली. जे जहाज बंदरातच डगमगते आहे, त्यावर आपल्या घरची दुभती म्हैस विकून तिकीट काढावे काय, हा विचार आपण करायचा आहे.

ह्यावर त्या मुलांनी जे उत्तर दिले, ते दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, ‘काका, पुण्याचे सोडा. कोल्हापूर बघा.’ आणि खरोखरच कोल्हापूर बघण्यासारखे आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस ह्या नावांनी हजारो माणसे जमतात. पण हे संघ कोणी मालकाने विकत घेतलेले नाहीत. ते तालमींचे, पेठांचे संघ आहेत. आजोबा ज्या तालमीचे, नातू त्या तालमीचा. तिथला प्रेक्षक करमणूक विकत घ्यायला येत नाही. तो आपल्या पेठेची अब्रू सांभाळायला येतो. म्हणून तर कधीकधी दगडही उचलतो, आणि मग सामने बंद पडतात. तिथेही अलीकडे बाहेरगावचे, क्वचित परदेशचेही खेळाडू पैसे देऊन आणण्याची चढाओढ लागली, आणि तालमींच्या खजिन्यांना ती झेपेना. कोल्हापूरची गोष्ट धंदेवाईक संघाची नाही. फुटबॉल आधी गल्लीत मुरला, मग स्टेडियमवर आला. आपण स्टेडियम आधी बांधून गल्ली मागाहून शोधायला निघालो आहोत.

दुसरे उदाहरण त्यांनी ऐझॉलचे दिले. मिझोरमची ही राजधानी २०११ मध्ये तीन लाखांच्या आतली होती. तिच्या संघाने २०१७ साली मुंबई-कलकत्त्यांना मागे टाकून आय-लीग जिंकली. कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्या यशाच्या दोन बाजू पाहा. २०१२ पासून त्या राज्याची स्वतःची लीग चालू होती आणि तिथल्याच केबल वाहिनीवर ती घरोघर दिसत होती. म्हणजे तिथेही गल्ली आधी होती. आणि दुसरी बाजू अशी, की आदल्या वर्षी हाच ऐझॉल संघ खाली घसरला होता. गोव्याचे क्लब लीगच्या धोरणाला कंटाळून बाहेर पडले, म्हणून त्याला परत जागा मिळाली. धेंपो आणि साळगावकर ही नावे गोव्यात तुळशीवृंदावनाइतकी जुनी वाटतात; २०१६ साली त्यांनीच राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. आणि विजेतेपद मिळवूनही ऐझॉलला सुपर लीगचा दरवाजा उघडला नाही, कारण त्या वेळी तिथे प्रवेश गुणांवर नव्हता, पैशांवर होता. गुणांवर वर चढण्याची वाट २०२३ साली मोकळी झाली. म्हणून आम्ही म्हणालो, की गावाची कर्तबगारी पुरेशी नाही. लीगची घडी कशी आहे हे पाहावे लागते.

तिसरे उदाहरण आमच्या सर्वांत आवडीचे, कारण ते सहकाराचे आहे. अमेरिकेत ग्रीन बे नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे एक लाख, म्हणजे आमच्या साताऱ्याएवढी. तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून गावकऱ्यांच्या मालकीचा आहे. भागधारक आज पाच लाखांहून अधिक. त्यांना लाभांश मिळत नाही आणि भाग नफ्याने विकता येत नाही. हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला वाटते, अरे, हा तर आपला साखर कारखाना! मुलांच्या योजनेतही नेमके हेच वाक्य होते.

पण श्रोतेहो, साखर कारखाना कशावर चालला? नुसत्या भागभांडवलावर चालला नाही. भागधारकाच्या शेतात ऊस होता, आणि तो ऊस कारखान्यात येत होता. जिथे ऊस कमी पडला किंवा कारभार बिघडला, तिथे भागधारक हजारोंनी असूनही गळीत थांबले, हे आपल्याच दोन जिल्ह्यांत आपण पाहिले आहे. ग्रीन बेचा ऊस कोणता? तो ऊस म्हणजे दूरचित्रवाणीचा पैसा. त्या लीगने १९६० च्या दशकाच्या आरंभी ठरवले, की प्रक्षेपणाचे उत्पन्न न्यू यॉर्कच्या आणि ग्रीन बेच्या संघाला सारखे वाटायचे. आज लीगच्या सामाईक उत्पन्नाच्या वाट्यातून एकट्या ग्रीन बेला वर्षाला चाळीस कोटी डॉलरांच्या वर मिळतात. गावकऱ्यांच्या प्रेमाने तो संघ गावात राहिला हे खरे. परंतु समान वाटपाने तो जगला. तसे वाटप जिथे नाही, तिथे लहान गावाचा सहकारी संघ म्हणजे उसावाचून उभारलेला कारखाना होय.

एक मुद्दा अजून राहिला. संघाला तोटा झाला तरी गावाला फायदा होतो, हॉटेले चालतात, रिक्षा चालतात, गावाचे नाव होते, असे सांगितले जाते. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबलिस्ट ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली अमेरिकेतल्या क्रीडागारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सरकारी पैसा घालून बांधलेल्या क्रीडागारांमुळे गावाची भरभराट होते, ह्याला त्यांना आधार सापडला नाही. कारण साधे आहे. जो माणूस रविवारी सामन्याला दीडशे रुपये देतो, तो त्या रविवारी नाटकाला किंवा भेळेला जात नाही. पैसा नवा येत नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. बाहेरगावचा माणूस आला तर गोष्ट निराळी. साताऱ्याच्या डोंगरावर २०१२ पासून जी अर्ध-मॅरेथॉन होते, तिला परगावचे हजारो लोक येतात आणि मुक्काम करतात. पण तिथे पगारी संघ नाही, भिंत नाही. डोंगर फुकटचा आहे आणि रस्ता आहे तोच आहे.

भिंतीवरून आठवले. आता आम्हांला एक कबुली द्यायची आहे. तरुणपणी आम्ही एका क्रीडामंडळाचे खजिनदार होतो. मंडळाजवळ थोडी शिल्लक साठली आणि आमच्या डोक्यात वारे शिरले. ‘अखिल भारतीय’ स्पर्धा भरवायची! मोठमोठ्या संघांना जाण्यायेण्याचे भाडे कबूल केले, मंडप घातला, कनाती उभारल्या, तिकिटे छापली. संघ आले त्याहून न आलेले अधिक होते, आणि तिसऱ्या दिवशी वळवाने मंडप खाली आणला. तोटा फेडायला दोन वर्षे वर्गणी मागत हिंडलो. पण लागले ते त्याचे नाही. लागले ते हे, की त्या दोन वर्षांत मुलांना एक चेंडूही घेता आला नाही. रोज संध्याकाळी वीस-पंचवीस पोरे येत. ती हळूहळू येईनाशी झाली. पुढे पैसे जमले, चेंडूही आले. ती पोरे मात्र परत आली नाहीत. जमाखर्चात ही रक्कम लिहायला रकाना नसतो. म्हणून त्या योजनेत ‘मैदानाला भिंत’ हे शब्द वाचले तेव्हा आमचे पेन तिथेच थांबले. त्या मैदानावर आज रोज मुले अनवाणी खेळतात. भिंत झाली की दारावर माणूस बसेल, आणि वर्षातल्या बारा सामन्यांसाठी उरलेले तीनशे त्रेपन्न दिवस ती मुले बाहेर राहतील.

मग काहीच करू नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्या मातीत खेळाडू पिकत नाहीत असे नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून पदक आणले. त्यांच्या प्रवासाचे पैसे लोकांनी जमवून दिले होते. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला त्याच वर्षी बंगळूरच्या संघाने तीन कोटी चाळीस लाखांना घेतले. ह्यातले इंगित पाहा. बाजार सांगलीला आला नाही, सांगलीची मुलगी बाजारात गेली. आणि सांगलीचे त्यात काही कमी झाले नाही. लहान गावाचा धंदा संघ पोसण्याचा नाही, खेळाडू घडवण्याचा आहे. त्याला लागणारे भांडवल आपल्या ऐपतीतले आहे.

म्हणून आम्ही त्या मुलांना दुसरा कागद लिहून दिला. भाग विकायचे ते संघाचे नव्हेत, मैदानाचे. सहकारी संस्था काढा. पण तिचा सभासद तोच, ज्याच्या घरचे मूल खेळायला येते. हाच आपला ऊस. सातारा, कराड, वाई, फलटण, विटा, तासगाव, मिरज, सांगली अशी तालुक्यांची लीग चालवा. प्रवास एस. टी. ने, बक्षीस थोडे, पंच शिकवून तयार केलेले. पाचगणीच्या शाळा आहेत, साताऱ्याची १९६१ पासूनची सैनिक शाळा आहे, त्यांना बोलवा. मुलींचा संघ पहिल्या वर्षापासून ठेवा. यात्रेतल्या कुस्त्यांचे इनाम गाव जसे पट्टी काढून उभे करते, तसेच प्रत्येक गावाने आपल्या सामन्याचा खर्च उचलावा. दर वर्षी हिशेब मैदानावर, मोठ्याने वाचून दाखवा. दहा वर्षांनी माणसे न बोलावता जमू लागली, आणि देशाच्या लीगमध्ये वाटप न्यायाचे झाले, तर राज्याच्या लीगमधून एकेक पायरी चढा. तोवर पायरी चुकली, तरी पडणे फार उंचावरून होणार नाही.

मुले नाराज झाली काय? झाली. दोघे तर उठून गेले. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्या वयात आम्हीही उठून गेलो असतो. पण बाकीचे थांबले, आणि आठवड्याने त्यांनी दुरुस्त केलेला कागद आणला. ‘मैदानाला भिंत’ ह्या शब्दांवर काट मारलेली होती आणि तिथे ‘मैदानाला पाणी’ असे लिहिले होते. त्या कागदावर पहिला भाग आम्ही घेतला. दुसरा कोण घेतो, हे विचारायलाच आम्ही आज सांगलीला आलो आहोत.